शगुफ्ताचं स्टेटस

सात रस्त्याला सिग्नल नुकताच लाल झाला होता आणि शगुफ्ताची स्कूटी पांढऱ्या पट्ट्याच्या जराशी पुढे जाऊन थांबली. एवढंच झालं. ट्रॅफिकच्या बाई तोंडातली शिट्टी काढत सावकाश जवळ आल्या, गाडी कडेला घ्यायला सांगितली आणि दिवसभर सगळ्यांना विचारतात त्याच सुरात म्हणाल्या, "लायसन दाखवा." शगुफ्ताचे हात हँडलवरून सुटेनात. कानात गरम काहीतरी भरत गेलं. बाईंचे ओठ हलताना दिसत होते, पण आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा येत होता. आणि मग तिच्या तोंडून जे बाहेर पडलं ते मराठी नव्हतं, घरातली दखनीही नव्हती. ती इंग्रजीत म्हणाली, "आय अ‍ॅम इन स्टेटस." पुन्हा तेच म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणताना तिला रडू फुटलं.

बाईंना वाटलं, पोरगी मोबाईलच्या स्टेटसबद्दल काही सांगतेय. त्यांनी तिला दंडाला धरून उतरवलं, झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर बसवलं आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. लायसन पर्समध्ये होतंच. ते काढताना सोबत एक प्लॅस्टिकचं फोल्डर बाहेर आलं, त्यात पासपोर्ट, पासपोर्टच्या नकला, विद्यापीठाची पत्रं, सगळं क्रमानं लावलेलं. बाईंनी फोल्डर बघितलं, तिच्याकडे बघितलं. "एवढी कागदं घेऊन कुटं निघालीस गं?" त्यांनी विचारलं, आणि शगुफ्तानं खरं ते सांगितलं, की इस्त्रीचे कपडे आणायला. पावती न फाडता त्यांनी गाडीची किल्ली तिच्या हातात ठेवली आणि बरं वाटेपर्यंत बसून राहा, घाई करू नको, असं सांगून त्या पुन्हा चौकात गेल्या. शगुफ्ता बसून राहिली. भोवतीनं रिक्षा, टमटम, कॉलेजची पोरं, सगळं सोलापूर जात होतं, आणि तिला सगळ्यात जास्त कशाची आग होत असेल तर ती याची, की बंदेनवाज बागवानची मुलगी भर चौकात रडली आणि गावानं ते बघितलं.

कारण रडणं तिच्यात नव्हतं. विजापूर वेशीजवळच्या त्यांच्या गल्लीत ती ताठ मानेची म्हणूनच ओळखली जायची. शाळेत उर्दू माध्यमातून आलेली म्हणून सायन्सच्या वर्गात मुली हसल्या, तेव्हा ती रडली नव्हती. वर्षाच्या शेवटी तिनं त्यांना मागं टाकलं होतं आणि त्यावर एक शब्द बोलली नव्हती. अब्बा फळांचे व्यापारी. मोडनिंबच्या बागांतून डाळिंब उचलायचं आणि मार्केट यार्डात आणायचं, हे त्यांचं आयुष्य. सुट्टीत ती त्यांच्या टेम्पोत पुढं बसून जायची. तिथं बागेच्या बांधावर फेकलेल्या डाळिंबांचे ढीग तिनं पाहिले होते. तेलाचे डाग पडावेत तसे काळे डाग, मधोमध तडकलेली, आतले दाणे उघडे. तेल्या म्हणतात त्या रोगाला. कोंडीबा नावाचा एक बागाईतदार त्या ढिगाकडे पाठ करून अब्बांशी दराचं बोलायचा. एकदाही वळून बघायचा नाही. त्या पाठीनं तिच्या डोक्यात घर केलं. पुढं वनस्पतिरोगशास्त्र, राहुरी, आणि मग अमेरिकेतल्या मक्याच्या सपाट प्रदेशातल्या एका विद्यापीठात पूर्ण शिष्यवृत्तीवर पीएचडी, हे सगळं त्या पाठीकडं बघत बघत झालं. तिचं संशोधन याच जिवाणूवर होतं, वरून धडधाकट दिसणाऱ्या काडीत तो महिनोन् महिने कसा दडून राहतो यावर. अब्बांना त्यातलं काही कळत नसे. पण दर जुम्याला त्यांच्या मोबाईलवर नवं स्टेटस असायचं आणि त्यात फोटो तिचाच असायचा: पांढऱ्या कोटातली, बर्फातली, कुठल्याशा पोस्टरसमोर उभी राहिलेली शगुफ्ता. व्यापारी त्यावर फुलं पाठवायचे.

पहिली चार वर्षं तिला तिथं परकं वाटलं नाही असं नाही, पण भीती वाटली नव्हती. भीती यंदाच्या वसंतात आली. विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या, तिथं राहण्याचा हक्क ज्यांवर टिकतो त्या नोंदी सरकारी यंत्रणेतून अचानक पुसल्या जायला लागल्या. कुणाची का पुसली, हे ना विद्यापीठाला आधी कळे ना त्या मुलाला. तिच्या लॅबमध्ये शेजारच्या टेबलाला लिन्ह नावाची व्हिएतनामी मुलगी होती, अबोल, जेवणाच्या डब्यातलं निम्मं दुसऱ्याला देणारी. एका सकाळी लिन्ह आली ती कोट न घालता, आणि उभ्या उभ्याच सांगायला लागली की तिची नोंद गेली. गुन्हा शोधू गेलं तर सापडलं ते एवढंच, की पूर्वी कधीतरी तिनं गाडी जोरात चालवली होती. दंडही भरून झाला होता. चार दिवसांत ती सामान आवरून निघून गेली. काही आठवड्यांनी अशा पुष्कळ नोंदी कोर्टकज्ज्यांनंतर पूर्ववत झाल्या, त्यात लिन्हचीही झाली, पण तोवर ती आपल्या आईकडे पोचली होती आणि परतायला तयार नव्हती. तिचा निळा मग मात्र बेसिनशेजारी तसाच राहिला. शगुफ्ता तो रोज धुवायची आणि पुन्हा तिथंच ठेवायची. तिनं गाडी चालवणं सोडलं. मग सायकलही. मग दुकानात जाणं. कपडे धुण्याच्या मशीनपर्यंत जातानासुद्धा कागदांचं फोल्डर बरोबर असायचं. बाहेर गाडीचं दार आपटलं की ती श्वास धरून मोजायला लागायची की पावलं कुठल्या मजल्यावर जातात. कुणी विचारलंच तर सांगायचं वाक्य तिनं आरशासमोर घोकलं होतं: आय अ‍ॅम इन स्टेटस. म्हणजे माझी कागदपत्रं नीट आहेत, मी नियमानं इथं आहे. दिवसातून इतक्यांदा म्हटल्यावर त्या वाक्याचा अर्थ गळून गेला आणि नुसता ठोका उरला. घरी फोनवर ती म्हणायची, सगळं मस्त आहे.

मे महिन्यात भावाच्या, सरफराजच्या, लग्नाला ती आली. व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली होती, परतताना नवा घ्यावा लागणार होता, आणि विद्यापीठानं शक्यतो देश सोडू नका असं कळवलं होतं. तरी ती आली. गल्लीत सगळे म्हणाले, भावावर जीव असावा तर असा. ते ऐकताना तिला मान खाली घालावीशी वाटे, कारण ती लग्नाला आलेली नव्हतीच. ती पळून आली होती. लग्न नसतं तरी दुसरं काही कारण तिनं शोधलं असतं. ती सोलापुरात उतरली आणि काही दिवसांतच विद्यार्थ्यांच्या व्हिसाच्या नव्या मुलाखती थांबल्याची बातमी आली. पुढं त्या सुरू झाल्या त्या नव्या अटी घेऊन. समाजमाध्यमांवरची आपली खाती सगळ्यांना उघडी ठेवायची, ती तपासली जाणार. एका दुपारी गच्चीवरच्या खोलीत कूलरसमोर बसून तिनं आपली दहा वर्षं उलटी चाळली. काय खोडावं ते कुठं लिहिलेलं नव्हतं, म्हणून सगळंच संशयास्पद दिसायला लागलं. ईदचा फोटो ठेवावा का? कॉलेजच्या मोर्चातला? मैत्रिणीनं चेष्टेत लिहिलेलं एक वाक्य? लिन्हबरोबरचा, दोघींनी डोक्यावर मक्याची कणसं धरलेला? तिनं तो खोडला. खोडल्यावर बोट तसंच काचेवर राहिलं आणि तिला वाटलं, लिन्हची नोंद दुसऱ्यांदा पुसली गेली, आणि ही आपण पुसली. त्या दिवसानंतर तिला स्वतःचीच लाज वाटायला लागली, आणि ती लाज भीतीपेक्षा जड होती.

पावसाळा सरत आला. मुलाखतीची तारीख मिळाली होती, ती पुढं गेली, मग आणखी एक मिळाली. किराणाच्या दुकानात, दर्ग्यापाशी, नळावर एकच प्रश्न येई, "परत कधी?" प्रेमानं विचारत लोक. ती हसून पुढच्या महिन्यात म्हणायची आणि प्रत्येक वेळी छातीत एक दोरा आवळला जायचा. अब्बांनी जुम्याचं स्टेटस बदलणं कधी बंद केलं ते तिच्या लक्षात आलं होतं. ते विचारत काही नव्हते. त्यांचं हे न विचारणं ती पाठीवर घेऊन हिंडत होती. आणि सात रस्त्यावरच्या त्या प्रकारानंतर, त्याच आठवड्यात, दुसरी तारीखही रद्द झाल्याचा मेल आला. नवी तारीख पुढच्या उन्हाळ्यातली होती. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. मेल वाचला आणि ती तिथंच खाली बसली. श्वास वरच्या वर अडायला लागला, दात वाजायला लागले.

तिची अम्मी, लालबी, अक्कलकोटची. माहेरी कानडी, सासरी दखनी, बाजारात मराठी, अशा तिन्ही भाषा ती एका दमात बोलायची. तिनं गॅस बंद केला, पिठाचे हात तसेच घेऊन मुलीसमोर मांडी घातली आणि दोन्ही तळवे तिच्या गालांना लावले. "काइकू रोरी?" एवढंच म्हणाली. आणि शगुफ्तानं सांगितलं. लिन्हचं, मगचं, फोल्डरचं, पावलं मोजण्याचं, चौकातलं. सगळ्यात शेवटी, सगळ्यात हळू, हेही की ती लग्नासाठी आली नव्हती.

"अम्मी, मी भिऊन पळून आले. तुम्ही सगळ्यांनी मला डोक्यावर घेतलं आणि मी तिथं दाराला खुर्ची लावून बसत होते."

लालबी पदरानं तिच्या गालावरचं पीठ पुसत म्हणाली, "भ्यालीस तर घरी आलीस. आणि कुटं जायचं असतं माणसानं? लग्नाला आलीस त्यापेक्षा हे मला जास्त हाय बघ."

शगुफ्ताला वाटलं होतं, हे सांगितलं की घरातली एक भिंत खचेल. भिंत जागच्या जागी होती. गॅसवर अर्धी भाजलेली भाकरी होती. लालबीनं उठून ती पुन्हा भाजायला घेतली आणि तव्याकडे बघतच म्हणाली, उद्या डॉक्टरकडे जाऊ, सरफराजच्या सासरच्यांत एकीला बाळंतपणानंतर असं झालं होतं, तिला गुण आला.

दुसऱ्या दिवशी दोघी निघाल्या तेव्हा शगुफ्तानं मनात ठरवलं होतं, कुणी विचारलं तर दाताच्या डॉक्टरकडे म्हणायचं. गल्लीच्या तोंडाशी मेहनाज खाला बसलेली असायची. तिच्यापासून काही लपत नसे आणि तिला कळलेलं अख्ख्या वेशीला कळे. तिनं विचारलंच. शगुफ्तानं तोंड उघडलं, पण लालबी आधी बोलली. आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही, भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली, "पोरीला घाबरं व्हायलंय. परदेशात लई सोसलंय तिनं एकटीनं. मनाच्या डॉक्टरकडं न्यायलेय." मेहनाज खालाच्या हातातला अडकित्ता थांबला. ती एवढंच म्हणाली, की येताना बसा घटकाभर, चहा टाकते. रिक्षात बसल्यावर शगुफ्तानं आईकडे बघितलं. लालबी सरळ समोर बघत होती, बुरख्याची कड नीट करत. अमेरिकेच्या विद्यापीठात पाचव्या वर्षात असलेल्या मुलीला जो शब्द उच्चारता येत नव्हता तो तिच्या आईनं गल्लीत मोठ्यानं म्हटला होता, आणि म्हटल्यावर नजर चोरली नव्हती. इतके दिवस शगुफ्ता ज्याला ताठ मान समजत होती ती नुसती आखडलेली मान होती, असं तिला त्या रिक्षात, भागवत टॉकीजच्या आसपास कुठंतरी, वाटून गेलं.

वैजयंती डॉक्टर पन्नाशीच्या होत्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं, हे वेड नाही आणि हा दुबळेपणाही नाही. बराच काळ धोक्याच्या तयारीत राहिलेलं शरीर आता धोका नसतानाही तयारीतच उभं आहे. गोळ्या दिल्या, श्वासाचे व्यायाम दिले, दर आठवड्याला यायला सांगितलं. आणि एक गोष्ट करायला सांगितली जी गोळीपेक्षा कडू होती: आपल्या गाईडला हे जसं आहे तसं कळवायचं. शगुफ्तानं चार मसुदे लिहिले. पहिल्या तिन्हींत ती आजारी नव्हती, फक्त व्यग्र होती. चौथ्यात तिनं खरं लिहिलं. गाईडबाईंचं उत्तर लगेच आलं. त्यांनी लिहिलं होतं की त्यांना संशय होता आणि न विचारल्याचं त्यांना वाईट वाटतं. प्रबंधाचं फक्त लिहिणं उरलंय, ते सोलापुरातून होईल. तोंडी परीक्षा व्हिडिओवर घेऊ. पीएचडीनंतर तिला ठरलेली लॅबमधली जागा मात्र थांबवून ठेवता येणार नव्हती, ती दुसऱ्याला द्यावी लागली. ते वाचून शगुफ्ता दिवसभर गच्चीवर बसून राहिली. त्या जागेसाठी तिनं पाच वर्षं घातली होती. ते दुःख होतं आणि तिनं ते दुःख म्हणूनच भोगलं. रडली, लालबीच्या मांडीवर डोकं ठेवून, आणि गंमत म्हणजे रडताना श्वास अडला नाही.

मग ती लिहायला बसली. सगळे दिवस सारखे गेले नाहीत. काही सकाळी शब्द यायचे आणि काही सकाळी नुसतं छत दिसायचं. सरफराजची बायको शिकवणीच्या पोरांना खाली गप्प बसवायची, "आपा लिहायलेत." आठवड्यातून एकदा ती अब्बांबरोबर मोडनिंबला जायची. कोंडीबाच्या बागेत काड्यांवर वाकून बसायची. कोंडीबा आता थकला होता, पण तिच्यामागून चालत प्रत्येक झाडाची कहाणी सांगायचा आणि मध्येच विचारायचा, "तिकडल्या सरकारनं तुला यिऊ दिलं न्हाय म्हणं?" ती म्हणायची, अजून दिलं नाही. त्या उत्तरानं छातीतला दोरा आता आवळत नसे. म्हणजे कधी आवळे, पण सुटेही.

परीक्षा तिकडच्या सकाळी, म्हणजे सोलापूरच्या संध्याकाळी ठरली, दिवाळीनंतर. मोठ्या खोलीत टेबलावर लॅपटॉप, मागं लालबीनं स्वच्छ चादर ताणून बांधलेली. अब्बा यार्डातून लवकर आले, आंघोळ करून इस्त्रीचा कुर्ता घालून कॅमेऱ्यात येणार नाही अशा कोपऱ्यात बसले. पडद्यावर पाच चेहरे होते. पहिली काही मिनिटं तिचा आवाज तिलाच लांबून येत होता, आणि मध्येच, रोगाच्या प्रसाराचा नकाशा दाखवताना, कानात तेच गरम भरायला लागलं. तिनं वाक्य तोडलं. "मला दोन मिनिटं हवीत," ती म्हणाली, कारण न देता, माफी न मागता. पाय जमिनीवर टेकवले, डॉक्टरांनी शिकवल्यासारखा श्वास आत घेतला, हळू सोडला. पाचही चेहरे शांत थांबून राहिले. कोपऱ्यात अब्बा हलले नाहीत, लालबीनं उठू पाहिलं तेव्हा त्यांनी तिला हातानं थांबवलं. मग शगुफ्तानं तुटलेलं वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि ते तिच्या स्वतःच्या आवाजात आलं. शेवटी एका वयस्क प्राध्यापकांनी विचारलं, की आमच्या राज्यात डाळिंबाचं एक झाड नाही, तू हा रोग का निवडलास? तिनं टेम्पोचं सांगितलं, बांधावरच्या ढिगांचं सांगितलं, ढिगाकडे पाठ करून उभं राहणाऱ्या माणसाचं सांगितलं. प्राध्यापकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

निर्णयासाठी त्यांनी तिला बाहेर थांबायला लावलं. पडदा करडा झाला आणि त्यावर वाट पाहा अशी अक्षरं आली. असल्या अक्षरांपुढं तिनं हे अख्खं वर्ष काढलं होतं. पण यावेळी तिनं लॅपटॉपकडे बघत बसायचं नाही असं ठरवलं, उठली, स्वयंपाकघरात गेली आणि माठातलं पाणी प्यायली. बाहेर मगरिबची अजान होऊन बराच वेळ झाला होता, गल्लीत कुणाची तरी फटफटी सुरू होत नव्हती. तिला कळत होतं, आत जे काही ठरेल ते ठरेल. काडीतल्या जिवाणूबद्दल तिनं जे शोधलं होतं ते शोधून झालं होतं. ते कुठल्याही यंत्रणेतून पुसलं तरी खरं राहणार होतं. ती परत आली तेव्हा पाचही जण हसत होते आणि गाईडबाईंनी तिला तिच्या आडनावाआधी डॉक्टर लावून हाक मारली.

लालबीनं तिच्या कपाळावरून हात फिरवून बोटं मोडली. सरफराज पेढे आणायला धावला आणि मेहनाज खाला दारात येऊन उभी राहिली. अब्बा मात्र कोपऱ्यातून उठलेच नाहीत. गर्दी ओसरल्यावर ते म्हणाले, "त्यांना सांगितलंस ते आता मला सांग. आपल्या बोलीत. पहिल्यापासून."

तिनं लॅपटॉप जमिनीवर घेतला आणि त्यांच्या शेजारी बसली. जिवाणूला दखनीत काय म्हणायचं, जनुकाला काय, ते सुचेना तिथं मराठी घातलं, तेही पुरेना तिथं हातानं दाखवलं. दोघांनी मिळून पहिली काही चित्रं ओलांडली. पुढच्या चित्रात एक हात होता, तडकलेलं डाळिंब उजेडात धरलेला, अंगठ्याचं नख अर्धं तुटलेलं. अब्बा वाकले.

"हा हात माझा हाय की."

"व्हय. गेल्या महिन्यात बागेत काढला होता."

"हे त्यांनी बघितलं?"

"बघितलं. कुणाचा हात म्हणून विचारलं. मी सांगितलं, माझे वडील आहेत, सोलापूरला फळांचा व्यापार करतात."

अब्बांनी तो हात वर उचलून बघितला, उलटा, सुलटा. मग कुर्त्याच्या बाहीनं डोळे कोरडे केले आणि भिंतीला पाठ टेकून नीट बसले.

"पुढं सांग," ते म्हणाले.